मूळ मालकीण

चिनी कादंबऱ्यांचं वेड मला सौदीतल्या राबिघमध्ये लागलं, आणि तेही एकाच जातीच्या कादंबऱ्यांचं. आजच्या काळातली एखादी बाई अचानक मरते. गाडीखाली येते, जिन्यावरून पडते, एकीच्या तर घशात भाताचा घास अडकतो. डोळे उघडते तो कित्येक शतकांपूर्वीच्या चीनमधल्या एखाद्या खेड्यात, मातीच्या झोपडीत, दुसऱ्याच बाईच्या अंगात. ती दुसरी बाई नुकतीच गेलेली असते. तिचं शरीर, तिचं घर, नवरा, मुलं, सासू, जावा आणि कोंबड्या, सगळं आता हिच्या गळ्यात. त्या आधीच्या बाईला या कादंबऱ्यांत 'मूळ मालकीण' म्हणतात. निदान यंत्राने केलेल्या मराठीत तरी म्हणतात, आणि मी वाचली ती बहुतेक यंत्राचीच मराठी.

पुढे फारसं काही घडत नाही, आणि तेच मला आवडायचं. नवी बाई कोबी खारवते, मुळ्याचं लोणचं घालते, साबण करून बाजाराच्या दिवशी टोपलीत घेऊन जाते. अबोल नवरा डोंगरातून ससा मारून आणतो आणि गुपचूप गळकं छप्पर शाकारतो. दोघं एकमेकांचा हात धरतात तो दीडशे प्रकरणांनंतर. मुलं आधी तिला घाबरतात, मग तिच्या हातचं खातात, मग एक दिवस आई म्हणतात. वाचताना मी त्या दिवसाची वाट बघायची. त्याला कारण होतं.

मी लग्न करून सौदीत आले तेव्हा छत्तीस वर्षांची होते. त्याआधी पंधरा वर्षं रत्नागिरीत एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. पंचांगं, सहकारी बँकांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, कधीमधी एखादा कवितासंग्रह. लाल पेन घेऊन लोकांच्या वेलांट्या सुधारणं हा माझा धंदा. छापखाना बंद पडला, भावाच्या घरात मी उगाचच जास्त भांडी घासायला लागले, आणि तेवढ्यात हे स्थळ आलं. बिजवर, रिफायनरीत नोकरी, अकरा वर्षांची एक मुलगी. पहिली बायको दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेलेली. माणूस भला वाटला. मी हो म्हटलं, आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झालेला नाही. एकटेपणाची गोष्ट वेगळी.

विमानतळावर ती दोघं न्यायला आली होती. हे मुलीला म्हणाले, "ही तुझी..." आणि पुढचा शब्द गिळला. मुलगी माझ्याकडे बघत थांबली. मीही थांबले. मग हे म्हणाले, "चला, गाडी लांब लावलीय." ते वाक्य आमच्या घरात पुढे कित्येक वर्षं तसंच अर्धवट राहिलं.

तिने मला काहीच म्हटलं नाही. म्हणजे उद्धटपणे बोलली नाही, रुसली नाही, आदळआपट केली नाही. फक्त हाक मारली नाही. तिकडून तिची आजी फोनवर सांगायची, "मावशी म्हण गं." ती मान हलवायची आणि म्हणायची नाही. काही हवं असलं तर माझ्यासमोर येऊन उभी राहायची, मी वर बघेपर्यंत. बोलायची इंग्रजीत. शाळेतली सगळीच मुलं घरी इंग्रजी बोलतात, हे मला नंतर कळलं, पण हिला त्यात एक सोय होती. मराठीत बोलायचं म्हणजे मला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही', हे ठरवावं लागलं असतं. इंग्रजीत दोन्हीला एकच. तेवढ्या एका शब्दावर तिने मला दारातच उभं ठेवलं होतं.

घर तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांबवर रिफायनरीच्या चिमणीवरची ज्योत दिसायची आणि तिच्या पलीकडे समुद्र असावा अशी एक पांढरी धग. यांची बस पहाटे यायची, मुलीची सकाळी. सात ते तीन मी आणि एसी. माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी ओळखपत्रावर, अरबीत एक ओळ छापलेली आहे. हे मला वाचून दाखवताना जरा ओशाळले होते. काम करण्यास परवानगी नाही, असा तिचा अर्थ. आश्रितांच्या इकाम्यावर ती असतेच, त्यात विशेष काही नाही. पण आयुष्यभर दुसऱ्यांचं छापलेलं तपासलं, आणि स्वतःबद्दल छापून आलेली पहिली ओळ ही, याची मला गंमत वाटली. नंतर नंतर गंमत वाटेनाशी झाली.

त्या घरात आधीच्या बाईचं सगळं जिथल्या तिथे होतं. कपडे कुणाला तरी दिलेले होते, पण स्वयंपाकघर तिचंच होतं. मसाल्याच्या बरण्यांवर तिने पांढऱ्या पट्ट्या चिकटवून निळ्या शाईने नावं लिहिली होती. धणे, ओवा, हळद, बडीशेप. गोल, ठसठशीत अक्षर, शाळेत फळा लिहिणाऱ्या मुलीचं असतं तसं. खालच्या मजल्यावर हैदराबादच्या एक बाई राहायच्या. पहिल्याच आठवड्यात खिचडी घेऊन आल्या, ओट्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आप से पहले जो भाभी थीं ना, बहोत अच्छी थीं." मी म्हटलं, "जी." दुसरं काय म्हणणार?

आता मी सांगते कादंबरीत आणि माझ्यात काय फरक होता. कादंबरीतली मूळ मालकीण हटकून वाईट असते. आळशी, खादाड, मुलांना उपाशी ठेवणारी, शेजाऱ्यांच्या कोंबड्या चोरणारी. त्यामुळे नव्या बाईने नुसतं अंडं उकडून मुलाच्या हातावर ठेवलं तरी अख्ख्या गावाच्या डोळ्यांत पाणी. माझी मूळ मालकीण चांगली होती. सगळेच सांगत होते, खोटं कशाला सांगतील? तिने वाईट वागून माझ्यासाठी काही म्हणजे काही सोपं करून ठेवलं नव्हतं.

एकच गोष्ट तिला जमत नव्हती, ती म्हणजे एक वेलांटी. मेथीच्या बरणीवर तिने 'मेथि' लिहिलं होतं. ऱ्हस्व.

मी वर्षभर ती सहन केली. खरंच केली. फोडणीला रोज हात त्याच बरणीकडे जायचा आणि डोळा त्याच वेलांटीवर. ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. चपलेत खडा असावा तसं होतं ते. एका दुपारी कढी करताना मी पेन घेतलं, पट्टीवरची पहिली वेलांटी सफाईने खोडली आणि दुसरी दिली. पेनही लालच हाताला लागलं, जुन्या सवयीने. मग कढी ढवळली आणि विसरून गेले.

मुलगी शाळेतून आली, पाणी प्यायला आत गेली आणि बाहेरच आली नाही. मी जाऊन बघितलं तर ती बरणी हातात धरून उभी होती. लाल रेघेवर अंगठा ठेवला होता, पुसली जाते का बघावं तसा.

"यू करेक्टेड हर," ती म्हणाली.

मी काहीतरी म्हणाले. शाळेत असं लिहिलं तर गुण कापतील, असलं काहीतरी मूर्खासारखं. तिने बरणीतली मेथी ओट्यावर ओतली, नीट, एक दाणा खाली न सांडता, आणि रिकामी बरणी स्वतःच्या खोलीत नेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या दाण्यांचा ढीग मी किती वेळ बघत बसले होते कुणास ठाऊक. गेलेल्या माणसाने मागे ठेवलेल्या एका शब्दावर मी लाल पेन चालवलं होतं. हे नुसतं चुकलं नव्हतं, क्रूर होतं, आणि मी ते कढी उतू जाऊ नये म्हणून ढवळत ढवळत केलं होतं.

यांना सांगितलं तर हे बुटाच्या नाड्या सोडत राहिले. मग म्हणाले, "वेळ लागेल." बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाकडून याहून जास्त काय अपेक्षा करायची. तिने त्यानंतर काही महिने माझ्याशी कामापुरतं बोलणंही सोडलं. सांगायचं असेल ते "पप्पा"ला सांगायची, मी समोर बसलेली असताना.

त्याच दिवसांत या कादंबऱ्या सापडल्या. दाढ दुखत होती म्हणून दवाखान्यात बसले होते. शेजारची फिलिपिनो बाई फोनवर काहीतरी वाचत स्वतःशीच हसत होती. मी विचारलं, तिने दाखवलं, साइटचं नाव लिहून दिलं. दाढ काढून घरी आले आणि संध्याकाळपर्यंत तोंडात कापसाचा बोळा धरून बावीस प्रकरणं वाचली. इंग्रजीत. साबणाच्या कारखान्यात हिशेबनीस असलेली बाई मरून डोंगराच्या पायथ्याच्या खेड्यात जागी होते. तिथे सहा वर्षांची एक मुलगी आहे. आई मारायची म्हणून चुलीमागे लपून बसणारी, खिशात रताळ्याचा तुकडा दडवून ठेवणारी. ती या नव्या बाईला काहीच म्हणत नाही. हाकच मारत नाही.

मी ती कादंबरी सोडणं शक्य नव्हतं.

अडतिसाव्या प्रकरणात इंग्रजी भाषांतर संपलं. करणाऱ्याला नोकरी लागली असेल किंवा कंटाळा आला असेल. मुलीला ताप चढला होता, नवी बाई वैद्य आणायला पावसात निघाली होती, आणि खलास. मी आठवडाभर दुसरं भाषांतर शोधलं. ते मिळेना तेव्हा मूळ चिनी पान उघडलं आणि फोनला सांगितलं, बाबा रे, तूच कर मराठी.

काय ती मराठी! नायिकेकडे जादूच्या पाण्याचा एक झरा होता. फोन चिनीचं आधी इंग्रजी करतो, मग मराठी, आणि इंग्रजीत झऱ्यालाही आणि वसंतालाही एकच शब्द, त्यामुळे फोनने त्याचं केलं 'आध्यात्मिक वसंत ऋतू'. ती आध्यात्मिक वसंत ऋतूत कोबी धुवायची. दोन जावा अंड्यांवरून भांडायच्या त्या एकमेकींना 'वहिनी' म्हणत. नणंद पण वहिनी, मेहुणी पण वहिनी. अंगी असलेल्या खास शक्तीला 'सोनेरी बोट'. आणि आयता मिळालेला नवरा म्हणजे 'स्वस्त नवरा'. 'तिने आपल्या स्वस्त नवऱ्याकडे पाहिले आणि तिचे हृदय धडधडले.' माझा स्वस्त नवरा तेव्हा सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपला होता. मीही बघितलं त्याच्याकडे. मोजे काढायचे राहिले होते, ते काढून ठेवले.

मी एक वही केली. डाव्या बाजूला फोनची चूक, उजव्या बाजूला माझी दुरुस्ती. वसंत ऋतू, झरा. वहिनी, जाऊ. पंधरा वर्षांची सवय दुसरीकडे कुठे जाणार? सौदी सरकारने परवानगी नाकारलेलं काम मी रोज दहा ते बारा करत होते आणि त्या दोन तासांत मला बरं वाटायचं. बारानंतर पुन्हा एसीचा आवाज.

एकेचाळिसावं प्रकरण मी दुपारी जेवणाच्या टेबलावर वाचलं. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची झाली होती. टेबलाच्या त्या टोकाला तिचा अभ्यास चालला होता. कादंबरीतल्या मुलीचा ताप उतरतो आणि ती डोळे उघडते. मी श्वास रोखून वाचत होते. 'तिने आपल्या छोट्या पंजाने बाईच्या बाहीचे टोक पकडले आणि डासासारख्या आवाजात ओरडली, "मुलगी, मला पाणी प्यायचे आहे."'

"मुलगी?" मी मोठ्यांदा म्हणाले. "मुलगी काय मुलगी?"

टेबलाच्या त्या टोकाने वर बघितलं. "व्हॉट?"

मला राग आला होता. चाळीस प्रकरणं वाट बघितली आणि हे! मी ते वाक्य तिला वाचून दाखवलं, आहे तसं, पंजासकट आणि डासासकट. ती बघत राहिली आणि मग हसली. तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. दोन वर्षांत मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं असं नाही, पण ते बंद दारापलीकडून. त्या लहान मुलीने मोठ्या बाईला मुलगी का म्हणावं, मग या दोघींत लहान कोण, असं काहीसं ती इंग्रजीत विचारत होती. मी म्हटलं, पुढे ऐक, आणि तिला आध्यात्मिक वसंत ऋतूत धुतलेला कोबी ऐकवला. ती खुर्चीवरून घसरायची राहिली.

पुढचे काही दिवस ती शाळेतून आल्यावर विचारायची, आज मशीन काय म्हणालं? मी दिवसभरातले निवडक नमुने काढून ठेवायची. वाचून दाखवताना ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहायची, तिच्या दप्तराचा पट्टा माझ्या खांद्याला लागायचा. आणि एका सकाळी, बस खाली हॉर्न मारत असताना, आतून हाक आली, "मुलगी! माझा पीटीचा टी-शर्ट कुठेय?"

मराठीत. 'तू' नाही, 'तुम्ही' नाही, पण हाक. मी टी-शर्ट दिला, दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. चेष्टा होती, मला कळत होतं. पण मला उद्देशून होती. तीन आठवडे मी त्या घरात मुलगी होते. "मुलगी, मीठ." "मुलगी, पप्पा कधी येणार?" तिचे पप्पा ऐकून चकित झाले, पण शहाणे असल्यामुळे त्यांनी काही विचारलं नाही. इतक्या खुशीत मी लग्नाच्या दिवशीही नव्हते.

मग तिने अर्थ शोधला. मुलं हुशार असतात, हीच पंचाईत. यंत्र एकच शब्द सारखा का चुकतंय हे तिच्या डोक्यात बसलं असणार. एका दुपारी ती फोन घेऊन आली आणि मला त्या मराठी शब्दाच्या जागचं मूळ चिनी अक्षर काढून दाखवलं. बारीक रेघांचं, खूप कोपऱ्यांचं. डावा अर्धा भाग म्हणजे बाई, उजवा म्हणजे चांगली, ती सांगत होती. तरुण मुलीलाही हेच अक्षर वापरतात. आणि जुन्या काळी मुलं आईला हाक मारायची तीही याच अक्षराने. मशीनने चुकीचा अर्थ उचलला.

"सो शी वॉज सेइंग..." ती म्हणाली आणि थांबली.

विमानतळावर तिच्या वडिलांनी जिथे वाक्य सोडलं होतं, बरोबर तिथेच. आम्ही दोघी त्या अक्षराकडे बघत होतो. मी काही म्हणायला हवं होतं. हसण्यावारी न्यायला हवं होतं. ती फोन घेऊन आपल्या खोलीत गेली, आणि त्या दिवसानंतर मला कधी मुलगी म्हणाली नाही.

त्या संध्याकाळी मी वही उघडली. डावीकडे 'मुलगी' लिहिलेलं होतं, उजवीकडची जागा रिकामी होती. मी 'आई' लिहिलं आणि डावीकडचा शब्द खोडला. मग बघत बसले. खोडलेला शब्द तसाच राहू द्यायचा असेल तर आमच्या धंद्यात त्याच्याखाली टिंबं देतात. मी 'मुलगी'च्या खाली टिंबं दिली, वही मिटली आणि ती कादंबरी पुढे वाचली नाही. कादंबरीतली मुलगी आई म्हणाली होती. मला एवढंच हवं होतं, आणि ते दुसरीला मिळालं होतं.

पुढची वर्षं भांडणाविना गेली. ती पुन्हा माझ्यासमोर येऊन उभी राहायला लागली. फरक इतकाच की आता मी वर बघितलं की ती क्षणभर हसायची. शुक्रवारी आम्ही तिघं समुद्राकाठी जायचो, कागदी पेल्यातला चहा घ्यायचो. ती आणि हे पुढे चालायचे, मी चपला हातात घेऊन मागे. तिला एकच पदार्थ माझ्या हातचा आवडायचा, कढी. ओट्याजवळ उभी राहून वाटीने प्यायची आणि वाटी विसळून ठेवायची. तिची आई तशीच प्यायची, असं एकदा हे बोलून गेले. मी दुसरी बरणी आणली होती मेथीला. तिच्यावर काही लिहिलं नाही.

बारावीनंतर ती पुण्याला शिकायला गेली. जायच्या दिवशी तिच्या वडिलांच्या गळ्यात पडून रडली. माझ्याशी हात मिळवला, मग तो तसाच धरून ठेवला, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाली, "टेक केअर." मी म्हटलं, "जेवत जा." घरी येऊन तिची खोली आवरली. टेबलावर पेनं ठेवायला तिने ती मेथीची बरणी वापरली होती इतकी वर्षं. पेनं होती, सगळी एका रबरबँडमध्ये बांधून ठेवलेली. बरणी नव्हती.

आता सात ते तीन ऐवजी सात ते सात मी आणि एसी. तिचे निरोप वडिलांच्या फोनवर यायचे, इंग्रजीत, आणि हे मला वाचून दाखवायचे. तीन मुलींनी मिळून खोली घेतली. गॅस आला. एकीला स्वयंपाक येत नाही, दुसरीला यायचा आव आणता येतो. मी ऐकायची, विचारायची, ताप वगैरे नाही ना. कधी कधी दुपारी तिच्या खुर्चीत बसून मी नवी कादंबरी काढायची आणि दोन पानांत मिटायची. नव्या बाई येत होत्या, मातीच्या झोपडीत डोळे उघडत होत्या, पोरं त्यांना आई म्हणत होती. मला त्यांचा वीट आला होता. खरं सांगायचं तर हेवा वाटत होता.

गेल्या महिन्यात एका दुपारी माझा फोन वाजला. माझा, यांचा नव्हे. मी तांदूळ निवडत होते. बोटाने ढकलून बघितलं. निरोप मराठीत होता, देवनागरीत.

'मुलगी, कढीला मेथि आधी घालायची की मोहरी?'

मी ताट बाजूला ठेवलं. पहिला शब्द दोनदा वाचला. तिला त्याचा अर्थ माहीत होता. तिनेच तर मला सांगितला होता.

मग, काय करणार, डोळा पुढे गेला आणि ऱ्हस्व वेलांटीवर अडला. इंग्रजी शाळेतलं पोर, मी मनात म्हटलं, आईची चूक तशीच उचललीय. डोळे भरून आले होते, ते पदराने टिपले आणि उत्तर लिहायला घेतलं. मोहरी आधी. ती तडतडली की चार दाणे मेथी.

फोनने लिहिली ती दीर्घ. अर्थात, मला वाटलं, फोनला दीर्घच येते. आणि मग हात थांबला. फोन आपणहून मेथीला कधीच ऱ्हस्व देत नाही. तशी हवी असेल तर मागे जाऊन, शब्द पुसून, वेलांटी मुद्दाम शोधून द्यावी लागते. तिने ते केलं होतं.

मी मागे गेले. माझी मेथी पुसली. ऱ्हस्व वेलांटी शोधायला वेळ लागला, मला तिची सवय नाही.

'मोहरी आधी,' मी लिहिलं. 'ती तडतडली की मेथि. चारच दाणे घाल, आणि लाल झाली की लगेच कढीपत्ता टाक, नाहीतर कडू होते.'